मदत हवी आहे: जिप्सीच्या पुढच्या नकलला (चाक वळवणाऱ्या सांध्याला) ओल, गाडी थांबवायची कधी?

लष्कराच्या लिलावातली जिप्सी आहे, १३०० सीसी पेट्रोल. फौजेतल्या पद्धतीने निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड, म्हणजे गाडीची तपासणी, करतो. तेल, कूलंट, टायर, नट सगळं ठीक.

अडलंय ते डाव्या पुढच्या नकलपाशी. नकलच्या गोळ्यावर ग्रीसचा हात असायचाच, पण इथे पातळ, काळपट, गिअर ऑइलच्या उग्र वासाचं काहीतरी उतरतं आणि टायरच्या आतल्या बाजूला रेघ धरतं. संशय ॲक्सलच्या आतल्या ऑइल सीलवर. डिफरेन्शियलचं (ॲक्सलमधल्या गिअरच्या डब्याचं) तेल नकलच्या ग्रीसमध्ये मिसळत असावं. ब्रीदर (ॲक्सलची हवा सुटायची वाट) साफ केला, गोळ्याबाहेरचं वायपर सील नवं टाकलं, तेलाची पातळी फिलर प्लगपर्यंत भरली. फरक शून्य. चाकाला खेळ (ढिलेपणा) नाही, ब्रेक डिस्क अजून कोरडी आहे.

अमेरिकी लष्करात गळतीचे तीन वर्ग करतात: नुसती ओल, थेंब धरतो पण पडत नाही, थेंब पडतो. तिसरा वर्ग दिसला की वरिष्ठांना कळवायचं. माझी गाडी दुसऱ्यात बसते. पण ब्रेकच्या इतक्या जवळ हा हिशोब मला जरा सैलच वाटतो.

गावात फोर बाय फोरचं काम करणारा मेकॅनिक नाही, म्हणून नकल विनाकारण उघडायचा नाही. सील कधीतरी बदलायचंच आहे, ते सांगू नका. ईएमई (लष्कराची वाहनदुरुस्ती शाखा) किंवा एमटीत (लष्करी वाहन विभागात) काम केलेल्यांनी एवढंच सांगावं: फर्स्ट परेडला अशी ओल दिसली तर गाडी बाहेर सोडायचात का, आणि आतलंच सील गेलंय हे नकल न उघडता कसं पक्कं करायचं?