मदत हवी आहे: अँप्लिफायरची घुंऽऽ जाता जाईना

नमस्कार मंडळी. फोंड्याहून लिहितोय. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) घुमट-आरतीला, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरतीला, माइक लागतो म्हणून टीडीए २०३० या ऑडिओ आयसीवर (चिपवर) छोटा अँप्लिफायर बांधलाय. आवाज खणखणीत, पण मागे सतत 'घुंऽऽ'. व्हॉल्यूम शून्यावर नेला, माइकची पिन उपसली, तरी ती चालूच. म्हणजे दोष माइकच्या वायरीत नाही. माझा संशय पॉवर सप्लायवर.

ब्रिज रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या चार डायोडांनंतर) ५० हर्ट्झचे १०० होतात, म्हणजे चार्ज साठवणारा कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरणार आणि मधला वेळ तोच भार ओढणार. माझा १००० मायक्रोफॅरडचा आहे. अर्धा अँपिअर ओढला तर कागदावर रिपल (डीसी व्होल्टेजमधला चढउतार) ५ व्होल्टच्या आसपास येते! ४७०० घातला तर जेमतेम १ व्होल्ट. पण मग स्विच टाकताच जो करंटचा लोंढा येईल, तो १एन४००७ डायोड सोसतील का?

आणखी एक कोडं. कोणी गात नसताना करंट अगदीच कमी, मग रिपलही कमी हवी. तरी घुं का? इनपुटचं ग्राउंड (शून्य व्होल्टची वायर) मी मोठ्या कपॅसिटरकडे जाणाऱ्या वायरीलाच मध्येच जोडलंय. ते वेगळं काढून एकाच बिंदूवर आणू का?

शिवाय ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा सिरॅमिक कपॅसिटर बोर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला बसलाय. मोठा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वरच्या फ्रिक्वेन्सीला कुचकामी ठरतो, हे ठाऊक आहे. तेव्हा हा आयसीच्या पिनांना अगदी खेटून सोल्डर केला तर पुरे, की सोबत १०० मायक्रोफॅरडचाही द्यावा?

कोणी हे करून पाहिलं असेल तर आधी कशाला हात घालू, तेवढं सांगा.