मदत हवी आहे: एकाच भांड्यात डम्पलिंग, सॉसेज आणि भाज्या

नमस्कार मंडळी. रात्री घाईच्या वेळी हे जेवण एकाच भांड्यात नीट जमवायचंय. सॉसेजच्या चकत्या आधी खरपूस परतते आणि सुटलेल्या चरबीतच कांदा, गाजर घालते. ती चव काही केल्या सोडवत नाही. अडतं ते पुढे. फ्रोझन डम्पलिंग न वितळवता तशीच टाकून, थोडं पाणी घालून झाकण ठेवलं, की वरच्या कडा चिवट राहतात आणि तळाचं आवरण भांड्याला धरून फाटतं, सारण बाहेर येतं. पाणी वाढवलं तर कोबीचा पार लगदा होतो.

डम्पलिंग बुडतील इतका रस्सा ठेवून कोबी शेवटच्या २-३ मिनिटांत घालावा का? की भाज्यांच्या थरावर ठेवून ती वाफेवरच शिजवावीत? आणि तोवर सॉसेज बाजूला काढून ठेवायचं का? कृपया पाण्याच्या अंदाजासकट सांगा.