जुनं कौलारू घर घेतोय (चिपळूण तालुका), दुरुस्ती कुठून सुरू करावी?

शमी_चिपळूण
नमस्कार. आम्ही दोघं (मी २९, नवरा ३१) चिपळूण तालुक्यातल्या एका वाडीत जुनं घर घ्यायचं म्हणतोय. नवरा लोट्याला कंपनीत, मी शिक्षिका. सध्या शहरात तळमजल्यावर भाड्याने राहतो. २२ जुलै २०२१ चा पूर पाहिल्यापासून तिथे फ्लॅट घ्यायला मन धजत नाही.

घर जांभ्याचं, चिऱ्यांचे जोड मातीचे, वर मंगलोरी कौलं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे पडवी, वर माळा. न्हाणी बाहेर, संडास त्याहून लांब. दोन वाशांना वाळवी दिसते. मागची भिंत पावसात ओली होते हे मालकांनी स्वतःच सांगितलं. विहिरीला मेपर्यंत पाणी असतं.

बोलणी १३ लाखांवर आली आहेत. दुरुस्तीला ६ लाख, वर एक रुपया नाही, कारण कर्ज काढायचं नाही. आधी काय करावं, छप्पर, भिंती की न्हाणी? आणि कागद कोणते बघावेत? सासूबाई आमच्यासोबत राहणार आहेत.

दापोलीकर_७७
छप्पर. दुसरा विचारच नको. कौलं उतरवा, लोखंडी पाइपचा सांगाडा करा आणि रंगीत पत्रा टाका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात माझी निम्मी कौलं गेली. नंतर तालुक्यात कौलं मिळेनात, ऐन पावसात आम्ही ताडपत्रीखाली. आता पत्रा आहे, दरवर्षी शाकारणीला (कौलं उतरवून पुन्हा नीट रचायला) माणूस शोधत फिरणं बंद झालं.

माजघर
पत्रा अजिबात नको! एप्रिल-मेमध्ये माळ्यावर पाय ठेवता येत नाही आणि पाऊस सुरू झाला की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. निसर्गमध्ये शेजाऱ्यांचे पत्रे उडून आमच्या सुपारीच्या बागेत पडले, पाच-सहा झाडं मोडली. आमची कौलं फुटली खरी, पण फुटलेलीच तेवढी बदलली.

दापोलीकर_७७
शेजाऱ्यांनी पत्रे नीट कसले नसतील. त्यात पत्र्याचा काय दोष?

आखाती_कोकणी
मी गेल्या वर्षी गावचं घर पूर्ण पाडून स्लॅबचं बांधलं. खाली तीन खोल्या, वर दोन, सगळीकडे ग्रॅनाइट, गच्चीवर सोलर. ३८ लाख लागले, पण आता पन्नास वर्षं बघायला नको. लोक लांबून बघायला येतात. शमी, जुन्या घरात पैसे घालू नका, सहा लाख नुसते पायाला लागतात. फोटो टाकतो.

शमी_चिपळूण
काका, घर छान झालंय. पण आमच्याकडे सहाच लाख आहेत आणि पाडायचं नाही.

सातबारा_काका
महसूल खात्यात नोकरी झाली माझी, म्हणून छपराआधी कागदाचं बोलतो. पहिला प्रश्न: घर गावठाणात आहे की सातबाऱ्याच्या जमिनीत? आपल्याकडे वाड्या बहुतेक सातबाऱ्याच्या जमिनीत वसलेल्या असतात. जमीन शेतीची असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो, कूळकायद्याचं कलम ६३. गावठाणात असेल तर सातबारा नसतो, स्वामित्व योजनेत मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाली आहे का ते बघा.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून लोक 'घर माझ्या नावावर आहे' म्हणतात. तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नाही. कित्येक ठिकाणी घर एकाचं आणि खालची जमीन भलत्याचीच निघते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात कुळाचं नाव किंवा कलम ४३ चा, म्हणजे विक्रीवर बंधनाचा, शेरा आहे का वाचा. फेरफार (नावं बदलल्याच्या नोंदी) मागे जाऊन काढा आणि वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या व्यवहारांची तपासणी, घ्या. विहीर आणि वहिवाटीची वाट खरेदीखतात लिहून घ्या. घर विकणाऱ्याचं आणि वाट त्याच्या चुलत्याच्या जमिनीतून, अशी भांडणं मी नोकरीभर पाहिली.

आणि सहहिस्सेदार किती? बहिणींच्या सह्या हव्यातच.

शमी_चिपळूण
धन्यवाद काका, हे कोणीच सांगितलं नव्हतं. जमीन सातबाऱ्याचीच आहे. माझं नाव वडिलांच्या सातबाऱ्यावर लागलेलं आहे, म्हणजे मी शेतकरी. सातबाऱ्यावर मालकांसोबत त्यांच्या दोन बहिणी आहेत. मालक म्हणतात, त्यांची लग्नं १९९० च्या आधीच झाली, त्यांचा हक्क नाही.

घाटावरची
हक्क आहे! हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच हक्क मिळाला, लग्न कधी झालं याचा संबंध नाही.

दापोलीकर_७७
वडील २००५ च्या आधी गेले असतील तर ती दुरुस्ती लागू नाही.

घाटावरची
२०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. आमच्याच घरात हा वाद झाला. भावांनी परस्पर विकलं आणि आत्या अजून कोर्टाच्या पायऱ्या चढतेय.

सातबारा_काका
मुलगी वारस म्हणून १९५६ च्या कायद्यापासूनच आहे, हिस्सा किती एवढाच वाद. सातबाऱ्यावर नाव आहे ना, मग दोघींच्या सह्यांशिवाय विसारसुद्धा देऊ नका. आणि राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, दोघांच्या नावावर घेतलं तर नाही. तुमच्या नावावर घेता येतंय, ते कराच.

आखाती_कोकणी
मी आईच्या नावावर केलं. शिवाय ग्रॅनाइट थेट कारखान्यातून उचलला, खूप वाचले.

लाल_चिरा
ओल्या भिंतीबद्दल लिहितो, कारण यात आमचे पैसे गेले. ठेकेदाराने मातीच्या जोडाच्या जांभ्याला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, वर वॉटरप्रूफ रंग. पहिल्या पावसानंतर पापुद्रे सुटले आणि भिंत आतून आणखी ओली. जांभा पाणी पितो आणि बाहेर टाकतो. सिमेंटने त्याचं तोंड बांधलं की ओल आतच राहते. शेवटी सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला, तेव्हा भिंत सुकली. आधी बाहेरून बघा: पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचतं का? मागची माती जोत्याच्या वर चढली आहे का? तिथे चर खणून पाणी उताराला काढलं तर निम्मी ओल तिथेच जाते. त्याला हजारांतच खर्च येतो.

माजघर
+१. आमच्याकडेही चर खणल्यावर फरक पडला. आणि पत्रा नको.

सुतारवाडी
दोन वासे दिसतात म्हणजे दोनच खराब असं समजू नका. बोथट पहारीने सगळे वासे ठोकून बघा, पोकळ असेल तिथे आवाज बदलतो. आढ्याचं टोक भिंतीत जिथे बसतं ती जागा नक्की बघा, कुजायला तिथूनच सुरुवात होते. जुना ऐन किंवा फणस असेल तर बाकीचं लाकूड ठणठणीत असेल, ते उतरवून विकणारे भेटतील, ऐकू नका. नव्या लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल लावा. वाळवीसाठी भिंतीलगत फूटफूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडतात, पण विहीर जवळ असेल तर आधी औषधवाल्याला विहीर दाखवा.

कातळ
सगळे छपरावर बोलताहेत. घरामागे डोंगर आहे का? २०२१ च्या त्याच पावसात खेड तालुक्यात पोसऱ्याला दरड आली, माणसं गेली. मागचा उतार तोडून परडं केलंय का, झाडं तिरकी झाली आहेत का, जमिनीला भेगा आहेत का, पावसात नवे झरे फुटतात का, हे वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. मालकाला विचारू नका.

दापोलीकर_७७
हे बरोबर. पण छप्पर आधीच.

नवी_सून
छप्पर आधी, +१. पावसाळा तोंडावर आहे.

शमी_चिपळूण
सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो. डोंगर लांब आहे, मध्ये भाताचे दळे. शेजारच्या आजींनाही विचारलं, झरा फुटलेला त्यांच्या आठवणीत नाही. दोन्ही बहिणी सही करायला तयार आहेत, डोंबिवलीच्या ताई खरेदीखताला येणार. वकिलाने सर्च घेतलाय. तो येईपर्यंत विसार देत नाही. घर माझ्या नावावर घेणार.

छपराचं मात्र तुम्हा सगळ्यांपेक्षा वेगळं ठरवलंय. या वर्षी फक्त शाकारणी, फुटकी कौलं आणि ठोकून बघितल्यावर खराब निघाले ते चार वासे. मागचा चर खणतोय. उरलेल्या पैशांत पडवीत न्हाणी-संडास, विहिरीपासून ५० फुटांच्या पुढे शोषखड्डा आणि सगळं वायरिंग नवं, अर्थिंगसकट. सासूबाईंचे गुडघे दुखतात, रात्री पावसात त्यांनी बाहेरच्या संडासला जायचं हे मला पटत नाही. शिवाय एक पावसाळा आत राहिल्याशिवाय छप्पर नेमकं कुठे गळतं ते कळणार नाही, मग लाखांचा निर्णय आत्ता कशाला?

दापोलीकर_७७
जुलैत भांडी मांडावी लागतील. तेव्हा मजबुरीने पत्र्यावर याल. माझा फॅब्रिकेटर चांगला आहे, नंबर हवा तर कळवा.

आखाती_कोकणी
न्हाणीत टाइल घेताना खरखरीत घ्या, गुळगुळीत नको. आमच्याकडे आई घसरली होती.

शमी_चिपळूण
हे लिहून घेतलं काका. लाल_चिरा, चुन्याचा गिलावा करणारा गवंडी चिपळूणपर्यंत येईल का?

लाल_चिरा
येतो, पण दिवाळीनंतर. पावसात चुना सुकत नाही. निरोप पाठवतो.