शिवाजी पार्कच्या लाल धुळीवर उपाय? मदत हवी आहे

दादरकरांनो, जाणकारांनो, 1925 साली खुलं झालेलं आपलं शिवाजी पार्क दिवाळी सरली की धुळीने भरतं. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोट फिरवलं की लाल होतं. आईचा खोकला तर थांबतच नाही. पाणी मारून तेवढ्यापुरतंच भागतं. पायांखाली दबून घट्ट झालेल्या मातीत ना पाणी मुरतं ना हवा खेळते, गवत मूळ धरणार कसं? मैदान बंद करा, असं मी कधीच म्हणणार नाही. पोरांनी क्रिकेट खेळायचं कुठे? पण पावसाळ्यात आळीपाळीने एकेक तुकडा राखून तिथे हरळी लावली, तर खेळ सुरू झाल्यावर ती टिकेल का? कुणी मोठ्या मैदानावर हे केलंय का? आधी माती किती खोल भुसभुशीत केलीत?