अनुभव धागा : कामानं धरलेली कंबर आणि पुन्हा कामावर जाणं

बेळगावात उद्यमबागच्या फाउंड्र्या, वडगावचे माग, तिकडं निपाणीच्या विड्या. आपल्याकडं कंबर धरायला कारणं भरपूर. गोळ्यांची नावं नकोत, पुन्हा कामावर कसे उभे राहिलात ते लिहा. सुरुवात मीच करतो.

मोल्डर, उद्यमबाग
वाळू भरलेली पेटी उलटताना चमक भरली, तिथंच वाळूवर आडवा झालो. सुपरवायझर म्हणाला, "घरात लचक भरली असं सांग की." मीही तसंच सांगितलं. कामावरची दुखापत म्हणून नोंद झाली असती तर ईएसआयमधून (कामगारांची सरकारी विमा योजना) पगाराच्या ९० टक्के मिळाले असते. साध्या आजारपणात ७० टक्के, तेही वर्षात ९१ दिवस. हे मला नंतर कळलं.

आई म्हणाली, फळीवर झोप, हलू नको. तीन आठवडे झोपलो. दुखणं होतं तिथंच, पाय मात्र काटकुळे झाले. एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' (मणक्यांमधली चकती फुगलेली) वाचून तर हातपायच गळाले. फिजिओथेरपीच्या बाई कन्नड बोलणाऱ्या. 'सोंट नोवु', म्हणजे कंबरदुखी, एवढं मला कळायचं, बाकी खुणांवर. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली आणि खुर्ची पुढं सरकवली : पेटी कशी उचलता, दाखवा. बल्ज न दुखणाऱ्यांच्या फिल्ममध्येही दिसतं, म्हणाल्या. पहिल्या दिवशी दहा मिनिटं चालणं आणि उताणं पडून गुडघे दुमडून कंबर उचलणं. मग बादलीत वाळू : २ किलो, ५ किलो, पुढं वाढवत. बायको म्हणायची, "फाउंड्री सुटली, वाळू काय सुटंना!"

हलक्या कामाची चिठ्ठी नेली तर उत्तर आलं, "फाउंड्रीत हलकं काम कुठलं?" शेवटी महिनाभर अर्धा दिवस कोअर (साच्याच्या आत ठेवायचा वाळूचा गाभा) बनवायला बसलो. आता पेटीवर आहे, पण उचलायला दोघं.

विडी कामगार, निपाणी
आम्हाला हजारी मजुरी, म्हणजे हजार विड्यांमागं पैसे. डॉक्टर 'विश्रांती' लिहितात. विश्रांतीची हजारी कोण देणार? शेजारच्या आक्कांनी सांगितलं म्हणून शंभर विड्या झाल्या की उठते, दारापर्यंत जाऊन येते. सूप मांडीवरून पाटावर आलं, पाठ भिंतीला. पहिल्या आठवड्यात रोज दीडशे विड्या कमी पडल्या, घरात कुरबूर झाली. आता भरून निघतंय. कंबर दुखतेच, पण रात्री कूस बदलता येते.

वीटभट्टीवाल्याची बायको, खानापूर
आमच्या चुकीचं लिहिते. ह्यांचं बूड बधिर झालं, लघवी झालेली कळेना, तरी आम्ही दोन दिवस तेलच चोळत बसलो. त्याच रात्री बेळगावला न्यायला पाहिजे होतं. ऑपरेशन झालं, पण डाव्या पायात अजून जोर नाही. भट्टी सुटली. आता टपरीवर बसतात.

बस ड्रायव्हर
चोर्ला घाटात अकरा महिने पट्टा बांधून गाडी चालवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांत जुन्या कंबरदुखीला पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरायचा उपचार) दोन्ही नको म्हटलंय, हे मुलीनं वाचून दाखवलं. सोडला. पहिले चार दिवस अंगावर कपडे नसल्यासारखं वाटलं ओ! आता सीट पुढं ओढतो, आणि डेपोत चहा उभ्यानं पितो.

नवीन, चिकोडी
निपाणीच्या आक्का, पाटाची उंची किती ठेवलीसा? आई पण विड्या वळते, आणि मांडीवरचं सूप सोडायला तयार नाही.