लिनक्स लॅपटॉपची हार्ड डिस्क सारखी 'टक्' करते. एपीएमची (डिस्कच्या वीजबचतीच्या सेटिंगची) पातळी किती ठेवावी?

बर्डीकर:
सीताबर्डीतील आमच्या झेरॉक्सच्या दुकानात डेबियनवर चालणारा एक जुना लॅपटॉप आहे. काम नसले की त्याच्या अडीच इंची हार्ड डिस्कमधून दर काही सेकंदांनी बारीक 'टक्' असा आवाज येतो. स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासणाऱ्या साधनाने पाहिले, तर डिस्क चालल्याचे तास ६,९०० आणि लोड सायकल काउंट (वाचण्या-लिहिण्याचे हेड बाजूला जाऊन परत येण्याच्या फेऱ्यांची संख्या) २,८७,००० निघाला. खराब सेक्टर मात्र एकही नाही. डिस्क निकामी होत आहे, की सेटिंग चुकले आहे?

संत्रानगरी:
तासाला चाळीसहून अधिक फेऱ्या झाल्या आहेत आणि अशा डिस्क साधारणपणे तीन ते सहा लाख फेऱ्यांसाठी बनवलेल्या असतात, त्यामुळे आधी फायलींची प्रत दुसरीकडे काढावी. वीज वाचवण्यासाठी डिस्क आपले हेड बाजूला नेऊन ठेवते, म्हणजेच पार्क करते, पण लिनक्समध्ये लॉगसारखे काही ना काही सतत लिहिले जात असल्याने ते लगेच परत आणावे लागते. हाच तो आवाज. डिस्कची सेटिंग पाहणाऱ्या व बदलणाऱ्या एचडीपार्म या आज्ञेच्या कॅपिटल बी पर्यायाने सध्याची एपीएम पातळी कळेल. १ ते १२७ या पातळ्यांत डिस्कला फिरणे थांबवण्याची मुभा असते, १२८ ते २५४ मध्ये नसते. मात्र १२८ वरही हेड वारंवार पार्क होऊ शकते आणि नेमकी इथेच अनेकांची फसगत होते. २५४ लावून तासाभराने काउंट पुन्हा पाहावा.

बर्डीकर:
२५४ लावताच आवाज थांबला, परंतु दुपारी वीज गेली आणि तो पुन्हा सुरू झाला.

धरमपेठकर:
वीज जाताच लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि तेव्हा वेगळी पातळी लागू होते. ईटीसी फोल्डरमधील एचडीपार्म डॉट कॉन्फ या फाइलमध्ये 'एपीएम' आणि 'एपीएम बॅटरी' या दोन्हींपुढे २५४ लिहावे. हाताने दिलेली आज्ञा मशीन बंद केल्यावर टिकत नाही. टीएलपी हे वीजबचतीचे साधन बसवलेले असेल, तर पातळी तिथेच ठरवावी, कारण दोन साधने एकमेकांचे सेटिंग पुसतात. हेड पार्क न झाल्याने डिस्क थोडी अधिक तापते, म्हणून आपल्या मे महिन्यात तापमानाची नोंदही पाहत राहावी आणि लॅपटॉप हलवण्यापूर्वी तो बंद करावा.

बर्डीकर:
टीएलपी खरोखरच होते. तिथे बॅटरीसाठीची पातळी १२८ वरून २५४ केली. तीन दिवसांत वीज दोनदा गेली, तरी काउंट केवळ ११ ने वाढला. फायलींची प्रतही काढली आहे.