मदत हवी आहे: रत्नागिरीत बसून नव्या कॉमिकची आगाऊ मागणी कशी नोंदवायची?

नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीतले चार-पाच जण सुपरहिरो कॉमिक नेमाने वाचतो. लहानपणी घरातल्या जुन्या पेट्यांत इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी वेताळ (म्हणजे फँटम) अंक सापडले, तेव्हापासूनचं हे वेड.

सध्या आमच्यात जोरात वाद चालू आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ ही बॅटमॅनची नवी अमेरिकन मालिका सुरू झाल्यापासून एक मित्र खपाचे आकडे दाखवून म्हणतो, संग्रहित आवृत्तीची, म्हणजे बरेच अंक एकत्र छापलेल्या पुस्तकाची, वाट न बघता सुटे अंकच घ्यायला हवेत. माझं म्हणणं वेगळं. अमेरिकेत हे आकडे बहुधा दुकानदारांनी मागवलेल्या प्रतींचे असतात, वाचकांनी विकत घेतलेल्या नव्हे. त्यात एकाच अंकाची वेगवेगळी मुखपृष्ठं काढली की पहिल्या अंकाचा आकडा फुगतो. खरी पसंती चौथ्या-पाचव्या अंकाला कळते. पण एक गोष्ट मलाही मान्य आहे: न विकलेल्या प्रती दुकानदाराला सहसा परत करता येत नाहीत, म्हणून तो बेतानेच मागवतो. आधी सांगितलं नाही तर अंक हुकतो.

म्हणून विचारतो. मुंबई-पुण्यातलं कुठलं दुकान येणाऱ्या अंकांची मागणी आधी घेऊन कोकणात पार्सल पाठवतं? आगाऊ पैसे किती मागतात? की संग्रहित आवृत्तीची वाट पाहणंच परवडतं?

आणि पावसाळ्याचं काय? इथल्या दमट हवेत गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटतात, वर कसर लागते. मालवण, वेंगुर्ल्याकडे कुणी संग्रह जपला असेल तर पिशव्या कुठल्या वापरता, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या किती दिवसांनी बदलता, तेही कृपया सविस्तर लिहा.